कुत्र्याला ताल कळतो का?

गाणं सुरू होतं, कुत्रा मालकिणीच्या पायांमधून नागमोडी जातो, नेमक्या ठेक्यावर गिरकी घेतो आणि बघणारा म्हणतो, "काय ताल आहे याला!" खरं तर कुत्र्याला ताल कळतो याचा भक्कम पुरावा नाही. ठेका ओळखून त्यावर आपणहून डोलणारे प्राणी फार थोडे. स्नोबॉल नावाच्या काकाकुव्यात हे कसब असल्याचं २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

कुत्रा आणि माणसाने जोडीने गाण्यावर नाचायच्या या स्पर्धेत ताल सांभाळतो तो माणूस. खांद्याचा कल, हाताची खूण किंवा हलक्या आवाजातला एखादा शब्द यांवर कुत्रा हलतो. ती खूण ठेक्याच्या किंचित आधी द्यावी लागते, कारण कुत्र्याला वळायला क्षणभर वेळ लागतोच. म्हणून जाणकार प्रशिक्षक आधी कुत्र्याची स्वाभाविक दुडकी चाल न्याहाळतात आणि मग त्या लयीचं गाणं शोधतात. गाणं कुत्र्याला शोभणारं हवं. मला या खेळात सगळ्यांत सुंदर वाटतं ते हेच.

दुसरा समज असा, की हे टीव्हीवरच्या कार्यक्रमांनी काढलेलं खूळ आहे. ॲशली बटलर आणि तिचा कुत्रा पडझी यांनी २०१२ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकलं आणि हा प्रकार जगभर पोचला, हे खरं. पण मेरी रे या प्रशिक्षिकेने क्रफ्ट्सच्या श्वानप्रदर्शनात याची प्रात्यक्षिकं दाखवली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने पुढे त्याला अधिकृत स्पर्धेचा दर्जा दिला. मूळ आहे आज्ञापालनाच्या जुन्या स्पर्धांमध्ये, जिथे कुत्र्याने माणसाच्या पायाशी बिलगून चालायचं असतं. आजही 'हीलवर्क टू म्युझिक' या विभागात सादरीकरणाचा निदान दोन तृतीयांश भाग असा जोडीने चालण्याचा असतो. गिरक्या, उड्या, लोळणं यांना मोकळीक मिळते ती 'फ्रीस्टाइल' विभागात.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: हे मुक्या जनावराला नाचवणंच नाही का? अस्वल घेऊन फिरणारे दरवेशी आपल्या गावांनी पाहिले आहेत, त्यामुळे शंका येणं योग्यच. त्या अस्वलाच्या नाकात वेसण असायची आणि ते वेदनेपोटी हलायचं. इथे शिकवण्याची सर्वमान्य रीत बक्षिसाची आहे. हवी ती हालचाल झाली, की त्याच क्षणी क्लिकरचा टक्क आवाज आणि लगेच खाऊ किंवा खेळणं. स्पर्धेच्या रिंगणात मात्र खाऊ नेता येत नाही, म्हणून भेदरलेला किंवा कंटाळलेला कुत्रा तिथे लपत नाही. शेपटी आणि कान सगळं सांगतात. कुत्र्याला इजा होईल अशा हालचालींना परीक्षक गुणांत फटका देतात. मागच्या दोन पायांवर फार वेळ चालवणं मलाही मान्य नाही, कारण त्याने कंबर आणि मागच्या सांध्यांवर ताण येतो.

बॉर्डर कॉली या स्पर्धांत जास्त दिसतात, पण जातीची अट नाही. पडझी स्वतः संकरित होता. आणि वयाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या वर्ल्ड कॅनाइन फ्रीस्टाइल ऑर्गनायझेशनने वयस्कर जोड्यांसाठी वेगळा विभागच ठेवला आहे. तिथे म्हातारा कुत्रा झेपेल तेवढंच करतो आणि त्याचा माणूस त्याच्या चालीने चालतो.