डॉक्टर, तुमचा नंबर कुठं लावलाय?

मैत्रिणींनो, बाजारात आपण बायका किती चौकस असतो! भाजीवाल्याचा काटा सरळ आहे ना, वजनावर शिक्का आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. सोनाराकडे गेलो तर हॉलमार्कची खूण भिंग मागून बघतो. दूध पातळ वाटलं तर दुसऱ्या दिवशी गवळ्याला दारातच उभं करतो. पण ज्याच्यापुढे आपण तोंड उघडून बसतो, ज्याच्या हातात सुई आणि पकड असते, त्याला "आपण शिकलात कुठं?" एवढं विचारायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही हं! ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची शिक्षा माझ्या सासूबाईंनी भोगली आहे.

आमचं गाव पुणतांबा. गोदावरीच्या काठचं, चांगदेव महाराजांच्या समाधीचं. रेल्वेचं जंक्शन असलं तरी गाव ते गावच. साध्या दाढदुखीसाठीही आमच्याकडच्या बायका आधी लवंग, मग तुरटीच्या गुळण्या, मग मिठाचं पाणी, आणि अगदीच झोप उडाली तर गोळी, असं करत दिवस ढकलतात. मुलांचे दात, यांचे दात, सगळ्यांचे दात झाले की मग आपले! सासूबाईंचं तेच झालं. वरचे पुढचे दोन दात पडून वर्ष लोटलं होतं. धाकट्या दिरांचं लग्न ठरलं, तेव्हा एक दिवस आरशापुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "अगं, फोटोत असं बोळकं दिसणार का गं माझं?"

मला वाईट वाटलं. त्याच सुमारास बाजाराच्या दिवशी एका ओट्यावर पेटी मांडून बसलेला एक दातवाला दिसला. काचेच्या बरणीत दात, भिंतीला टेकवलेला बोर्ड आणि बोलणं तर साखरेसारखं. "ताई, आमचा वडिलोपार्जित धंदा. आज्यापासून चालत आलाय. अर्ध्या तासात फिक्स दात, काढायची-घालायची कटकट नाही." पैसेही परवडणारे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मुलांना नागरिकशास्त्राचे हक्क आणि कर्तव्यं घोकून घेते. पण त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाही. मीच सासूबाईंचा हात धरून त्यांना त्या स्टुलावर बसवलं.

लग्नाचे फोटो सुरेख आले. चार महिन्यांनी मात्र सासूबाईंची हिरडी सुजली, तोंडाला वास येऊ लागला, शेजारचे दात हलायला लागले. त्या दिवशी बोर्ड नव्हता, पेटी नव्हती आणि दातवालाही नव्हता. शेवटी तालुक्याच्या एका दंतवैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी पाहून सांगितलं, की हे दात बसवलेले नाहीत, चिकटवलेले आहेत. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळायची, वरून पातळ प्लास्टिकचा लगदा थापायचा आणि तो हिरडीवरच घट्ट होऊ द्यायचा. खाली अन्न साठतं, ब्रश पोचत नाही, हिरडी कुजते. ते सगळं कापून काढताना शेजारचे दोन धड दातही काढावे लागले. दोन दातांसाठी गेलो आणि चार गमावून आलो!

बाई रागावल्या नाहीत. बिल लिहिता लिहिता एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाचा नोंदणी क्रमांक काय होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या भिंतीवर मात्र चौकटीत त्यांचं प्रमाणपत्र होतं आणि हातातल्या बिलावरही तोच क्रमांक छापलेला होता. मग मी हा विषय जरा मुळातून समजून घेतला. तोच आज तुम्हांला सांगते.

आपल्या देशात दंतवैद्यांसाठी कायदा झाला तो १९४८ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून वर्षही झालेलं नव्हतं तेव्हा. त्या कायद्यानं दोन पातळ्यांवर व्यवस्था लावून दिली. साऱ्या देशासाठी भारतीय दंत परिषद. ती १९४९ मध्ये स्थापन झाली. कोणत्या कॉलेजची पदवी ग्राह्य धरायची, अभ्यासक्रम काय असावा, हे तिनं पाहायचं. आणि प्रत्येक राज्यात राज्य दंत परिषद. दंतवैद्यांची नोंदवही ठेवण्याचं काम या राज्य परिषदेचं. आपली महाराष्ट्र राज्य दंत परिषद मुंबईत आहे.

म्हणजे बघा, पदवी देतं विद्यापीठ, पण लोकांच्या तोंडात हात घालण्याची परवानगी मिळते ती राज्याच्या नोंदवहीत नाव चढल्यावर. बी.डी.एस. म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. ती पुरी झाली, की परिषदेकडे कागदपत्रं आणि फी भरून नाव नोंदवायचं. मग क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळतं. हे काम एकदा करून संपत नाही, बरं का! नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी करावं लागतं. ते चुकलं तर नाव नोंदवहीतून निघू शकतं. एका राज्यातला दंतवैद्य दुसऱ्या राज्यात कायमचा गेला, तर त्याला आपली नोंदणी तिकडे बदलून घेता येते. सासर बदललं की आपण रेशनकार्डावर नाव चढवून घेतो ना, तसंच समजा!

आता तुम्ही म्हणाल, "आमच्या लहानपणी तर पदवी नसलेले जुने दातांचे डॉक्टर होते की! लोक त्यांच्याकडे रांगा लावायचे." खरं आहे. १९४८ च्या कायद्यानं नोंदवहीचे दोन भाग केले होते. 'अ' भागात पदवीधर. आणि 'ब' भागात, पदवी नाही पण कायदा लागू होण्याआधी किमान पाच वर्षं दंतवैद्यकीवरच ज्यांचं पोट चाललं होतं, असे लोक. एका रात्रीत त्यांची रोजीरोटी जाऊ नये म्हणून ही सोय होती. पण ती त्या त्या माणसापुरती होती. दुकान मुलाच्या नावावर होतं, शेत नातवाच्या नावावर होतं. नोंदणी होत नाही! म्हणून "वडिलोपार्जित धंदा" हे शब्द ऐकले, की तिथंच सावध व्हायचं. मी नेमकी त्याच शब्दांना भुलले होते.

याच कायद्यात आणखी दोन मंडळींची नावं आहेत. एक डेंटल हायजिनिस्ट. यांचं काम दात साफ करणं, पॉलिश करणं आणि निगा कशी राखायची ते शिकवणं. दुसरा डेंटल मेकॅनिक, म्हणजे ज्याला आपण आता टेक्निशियन म्हणतो. याचं काम कवळी आणि खोटे दात तयार करणं, दुरुस्त करणं. यांचीही नोंदणी असते. पण टेक्निशियनचं काम त्याच्या टेबलावरचं. तोंड तपासणं, दात काढणं, टोचून बधिर करणं हे त्याचं नव्हे. दंतवैद्यानं माप घ्यायचं, टेक्निशियननं कवळी करायची आणि ती पुन्हा दंतवैद्यानं तोंडात बसवून पाहायची, हा रीतसर मार्ग.

एक गोष्ट वाचून मला मोठी गंमत वाटली. नोंदणी नसलेल्यानं दंतवैद्यकी करायची नाही, असं सांगताना १९४८ च्या कायद्यानं एक फट ठेवली होती. वेळ तातडीची असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य मिळत नसेल, तर दात कुणीही काढू शकेल. मात्र भूल न देता, ना पुरती ना जागेपुरती. म्हणजे रात्री-बेरात्री पाड्यावर एखाद्या आजोबांनी नातवाचा दात काढला, तर तो गुन्हा धरला नव्हता. पण सुईला हात लावला, की ती सवलत संपली. बाजारात बसून इंजेक्शन देणाऱ्याला ही फट कधीच नव्हती. आणि ती सुई नीट निर्जंतुक केलेली नसली, तर एकाच्या रक्तातून दुसऱ्याला काविळीचे घातक विषाणू मिळू शकतात, हेही लक्षात ठेवा.

कायदा आता बदलतो आहे. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात देशपातळीवर परिषदेऐवजी आयोग आहे आणि व्यवसाय सुरू करण्याआधी एक राष्ट्रीय परीक्षाही ठेवली आहे. पण राज्याची दंत परिषद, राज्याची नोंदवही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय नाही हे सूत्र याही कायद्यात आहे. तेव्हा आपण विचारायचा प्रश्न काही बदलत नाही.

तो प्रश्न विचारायचा कसा? संकोच वाटतो ना? मलाही वाटायचा. पण २०१४ च्या आचारसंहितेनंच दंतवैद्यांना सांगितलं, की राज्य परिषदेनं दिलेला क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावा. औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही लिहा. म्हणजे आपण काही उपकार मागत नाही, जे दिसायलाच हवं ते पाहतो. खऱ्या दंतवैद्याला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्यानं मेहनतीनं मिळवलेलीच ती गोष्ट असते. शंका वाटली, तर परिषदेकडे क्रमांकासह विचारणा करता येते.

आता समजा, फसवणूक झालीच. तर दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. माणूस नोंदणीकृत असेल आणि त्यानं गैरवर्तन केलं असेल, तर राज्य दंत परिषदेच्या निबंधकांकडे लेखी तक्रार करायची. परिषद दोन्ही बाजू ऐकून घेते आणि दोष सिद्ध झाला तर नाव नोंदवहीतून काढू शकते. पण परिषद नुकसानभरपाई देत नाही. पैशाचा प्रश्न असेल, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जायचं. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली दिला आहे; दंतवैद्यही त्यात आले. मुदत दोन वर्षांची. आणि माणूस मुळात नोंदणीकृतच नसेल, तर पोलीस किंवा तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे तक्रार करायची.

खरं सांगायचं, तर माझ्याकडून यांतलं काहीच झालं नाही. पावती नव्हती, नाव माहीत नव्हतं, तक्रार करणार कुणाविरुद्ध? शिवाय १९४८ च्या कायद्यातला दंड तरी केवढा? पहिल्या गुन्ह्याला फार तर पाचशे रुपये! त्या काळी ती रक्कम मोठी असेल. पुढे तेवढे पैसे बाजारातला दातवाला एका सकाळीत मिळवू लागला. म्हणून म्हणते, नंतरच्या कायद्यापेक्षा आधीची चौकशी बरी.

"पण दवाखाना महाग पडतो," ही तक्रार खोटी नाही. बायका ओट्यावर जाऊन बसतात त्या हौसेनं नव्हे. अशा वेळी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयाची चौकशी जरूर करा. आमच्याच राहाता तालुक्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. मुंबईत तर नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. अशा ठिकाणी शिकणारी मुलं काम करतात, पण मागे अनुभवी शिक्षक उभे असतात. वेळ थोडा जास्त लागतो. खर्च मात्र सहसा खाजगीपेक्षा कमी येतो.

तर मैत्रिणींनो, एवढं कराच:

दवाखान्यात बसण्याआधी भिंतीवरचं प्रमाणपत्र आणि क्रमांक पाहा.

पावती मागून घ्या आणि एक्स-रे, चिठ्ठ्यांसह घरच्या फायलीत जपून ठेवा.

"अर्ध्या तासात फिक्स दात" म्हणणाऱ्यापासून दोन हात दूर राहा.

मिश्री किंवा तंबाखू लावणारं घरात कुणी असेल आणि तोंडातला फोड पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर घरगुती उपाय थांबवून दंतवैद्याला दाखवा.

सासूबाईंची हिरडी भरून यायला काही महिने गेले. मग रीतसर माप घेऊन काढता-घालता येणारे चार दात झाले. रात्री त्या ते पाण्याच्या वाटीत ठेवतात, सकाळी ब्रशनं घासतात आणि भाकरी मजेत खातात. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यामुळेच मला जास्त लागलं.

मागच्या महिन्यात माझी दाढ दुखू लागली, म्हणून नव्यानंच उघडलेल्या एका दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. आत तरुण मुलगी होती, नुकती शिकून आलेली. मी खुर्चीवर बसणार, तोच सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "थांब गं सूनबाई. डॉक्टर, तुमचा नंबर कुठं लावलाय?"

ती मुलगी हसली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. सासूबाईंना नीट वाचता येत नाही. त्यांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच म्हणाल्या, "बस आता."