जुनी पिंछी कुणाच्या घरी जाते?

निपाणीजवळच्या भोज गावाला दूधगंगा आणि वेदगंगा भेटतात. तिथं शेतात राबणारा, अंगानं दणकट असा एक सातगौडा होता. नदीला पाणी असलं की तो जैन मुनींना खांद्यावर बसवून पैलतीरी न्यायचा, असं आजही सांगतात. त्याची गोष्ट पुढं येईलच.

दिगंबर जैन मुनी गावात आले की सकाळी दारोदारी श्रावक-श्राविका, म्हणजे घरसंसारातले जैन स्त्री-पुरुष, कलश, नारळ घेऊन उभे राहतात. मुनी दिसले की "नमोस्तु, नमोस्तु!" अशी हाक. आता खरी गंमत! निघताना मुनींनी मनात एक खूण धरलेली असते. समजा, जोडीनं उभे असलेले नवरा-बायको दिसले, तरच थांबायचं. ही खूण म्हणजे विधी. ती ते कुणालाच सांगत नाहीत. विधी मिळाला नाही, तर त्या दिवशी उपास! मिळाला, तर त्या घराला काय आनंद होतो म्हणून सांगू! मुनी उभ्यानंच, ओंजळीत घेऊन आहार करतात. दिवसातून एकदाच. पाणीसुद्धा तेव्हाच.

त्यांच्याजवळ कमंडलू आणि मोरपिसांची मऊ पिंछी असते. बसण्याआधी पिंछीनं जागा हलकेच झाडायची, म्हणजे मुंगीही चिरडत नाही. पावसाळ्यात जमिनीवर किडामुंगी फार, म्हणून चार महिने ते एकाच गावी राहतात. हाच चातुर्मास. आणि बघा, मोरही पावसाळा सरता सरता आपणहून पिसारा गाळतो! चातुर्मास संपला की मुनी नवी पिंछी घेतात. जुनी मिळते व्रत घेणाऱ्या श्रावकाला. त्याला घर, शेती, दुकान सोडावं लागत नाही, पण घेतलेला नेम मात्र मोडायचा नाही.

दूर इटलीतही 800 वर्षांपूर्वी संत फ्रान्सिसना मानणारी माणसं अशीच घरी राहून व्रतं पाळत. 1221 साली त्यांच्यासाठी नियमही लिहिले गेले. कुठं इटली, कुठं भोज!

आणि तो सातगौडा? 1872 साली जन्मलेला हा शेतकरी 1920 साली यरनाळला स्वतःच मुनी झाला. तेच आचार्य शांतिसागर. पुढं याच मुलखातल्या कोथळीचे देशभूषण, शेडबाळचे विद्यानंद आणि सदलग्याचे विद्यासागर हेही मोठे आचार्य झाले.

तुमच्या गावात चातुर्मास झाला असेल, तर आजीला विचारा, जुनी पिंछी कुणाच्या घरी आहे. आणि त्या घरी जाऊन विचारा, तिच्यासाठी त्यांनी कोणता नेम धरला.