जंगल राखते ती ग्रामसभा

रानात वणवा पेटला की तो प्रथम दिसतो गुराख्याला. चोरट्या कुऱ्हाडीचा घाव प्रथम कानी पडतो तो मोहफुले वेचणाऱ्या स्त्रियांच्या. वनरक्षक कितीही कर्तव्यदक्ष असला तरी त्याच्याकडे सोपविलेले विस्तीर्ण जंगल एकट्याने रात्रंदिवस राखणे त्याला शक्य नाही. अशा वेळी जवळचा ग्रामस्थ धावून जातो की पाठ फिरवतो, यावर त्या जंगलाचे आणि त्यातील वन्य जीवांचे भवितव्य अवलंबून असते.

१९७६ मधील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्य जीव यांच्या रक्षणाचे तत्त्व राज्यासाठी घालून दिले आणि त्याचबरोबर ते प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरविले. परंतु केवळ कर्तव्याची आठवण करून दिल्याने माणूस राखणदार होत नाही. जे राखावयाचे त्याच्या व्यवस्थापनात आपला शब्द चालतो, असा विश्वास त्याला वाटला पाहिजे. हा विश्वास कसा निर्माण होतो, हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने दाखवून दिले आहे.

मेंढ्याचा अनुभव

इंचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध १९८०च्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यातून जागृत झालेल्या या गावाने ग्रामसभेला केवळ सह्यांपुरते ठेवले नाही. अभ्यासगटात विषयाची चर्चा करावी आणि ग्रामसभेत सर्वसंमतीने निर्णय घ्यावा, अशी पद्धत तेथे रूढ झाली. बहुमताने घेतलेला निर्णय पाळताना अल्पमतातील माणूस मागे राहतो. सर्वांच्या संमतीचा निर्णय मोडणाऱ्याला मात्र साऱ्या गावासमोर उत्तर द्यावे लागते. जंगलाचा वापर, वणवा व अवैध तोड यांविषयीचे नियम टिकले ते या बळावर.

वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ मध्ये मेंढ्याला मान्य झाला. अशी मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तथापि, हक्क कागदावर आला म्हणजे तो हाती आला असे नव्हे. या अधिनियमाने बांबूला गौण वनोपज मानले होते, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तो वृक्ष होता. त्यामुळे बांबूच्या वाहतूक परवान्याचा प्रश्न अडला. अखेर एप्रिल २०११ मध्ये वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. या प्रसंगातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : ज्या गावाने जंगल राखावे अशी आपली अपेक्षा आहे, त्या गावाला त्याचे उत्पन्नही मिळाले पाहिजे.

कायद्याने दिलेले अधिकार

उपरोक्त अधिनियमाच्या कलम ५ अन्वये वन्य जीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करणे, तसेच पाणलोट क्षेत्रे व जलस्रोत सुरक्षित ठेवणे, यांचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यासाठी ग्रामसभेने आपल्या सदस्यांतून एक समिती नेमावयाची असते. सामूहिक वनसंपत्तीचा दावा ग्रामसभेने 'ग' नमुन्यात करावयाचा असून वन हक्क समितीची पडताळणी व ग्रामसभेचा ठराव यांनंतर तो उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशा सभेस निम्मे सदस्य उपस्थित असावे लागतात आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असणे आवश्यक आहे. याशिवाय जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापावयाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांच्या सहभागाने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते.

प्रत्येकाचा वाटा

पंचायत सदस्यांनी ही सभा रानात कामासाठी जाणाऱ्यांना सोयीची होईल अशा वेळी बोलवावी आणि गणपूर्तीसाठी घरोघर फिरून सह्या गोळा करण्याचा मोह टाळावा. शिक्षकांना नोंदवहीच्या कामी विद्यार्थ्यांचे मोठे साह्य घेता येईल. कोणता पक्षी कोणत्या झाडावर घरटे करतो आणि कोणता पाणवठा उन्हाळ्यात आटत नाही, हे आजीला ठाऊक असते. नातवाने ते लिहून घ्यावे. अधिकाऱ्यांनी दावा परत पाठविताना त्यातील त्रुटी लेखी व सोप्या मराठीत कळवावी. दाव्यातील उणीव दुरुस्त करता येते, परंतु एकदा उडालेला विश्वास पुन्हा सहज बसत नाही.

वन विभागाची आवश्यकता यामुळे कमी होत नाही. संघटित शिकारीचा तपास, कायदेशीर कारवाई आणि तांत्रिक मार्गदर्शन ही कामे विभागाचीच आहेत. मात्र गाव सोबत असेल तर वनरक्षक रानात एकटा राहणार नाही. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर जंगलाचा विषय अखेरीस न ठेवता आरंभी घ्यावा. सुरुवात करावयास तेवढे पुरेसे आहे.