शेतावरच्या दुरुस्तीसाठी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: रॉड आणि टिग वेल्डिंगची माहिती

जूनचा पहिला चांगला पाऊस होऊन गेला आहे, रानाला वापसा आला आहे आणि नेमका त्याच दिवशी पेरणी यंत्राचा एक फण मुळाशी तडकतो. तालुक्याच्या वेल्डिंग दुकानापुढे आधीच ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. दोन दिवस थांबावे तर वरची ओल उडते, नाहीतर पुन्हा पाऊस येऊन वापसा मोडतो. अशा प्रसंगामुळे अनेक शेतकरी हाताने उचलून नेता येईल असे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घरी घेऊ लागले आहेत. मशीन उपयोगाचे आहे. मात्र त्याला वीज किती लागते, कोणत्या पोलादाला कोणता रॉड चालतो आणि कोणता जोड घरी करू नये, हे माहीत असेल तरच पैसे वसूल होतात.

मशीन इतके हलके कसे?

जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन ५० किलोच्या वर भरते, कारण ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला भरपूर लोखंड आणि तांबे लागते. इन्व्हर्टर मशीन आलेल्या एसी विजेचे आधी डीसी करते आणि मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. एवढ्या वेगाला ट्रान्सफॉर्मर अगदी लहान पुरतो, म्हणून वजन ५ ते ८ किलोवर येते. बाहेर पडणारा प्रवाह डीसी असल्याने आर्क शांत राहतो आणि नवख्या हातातही रॉड कमी चिकटतो.

कमजोरीही तिथेच आहे. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि पंखा बाहेरची हवा आत ओढतो. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर लोखंडाचा भुगा थेट सर्किटवर जातो आणि मशीन जळते. ग्राइंडिंग दूर करावे. मशीन मातीवर न ठेवता फळीवर ठेवावे आणि अधूनमधून प्लग काढून कोरड्या हवेने आतील धूळ उडवावी.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलेले असते म्हणून ते सलग २०० अँपिअर देईल असे समजू नये. सोबत ‘ड्युटी सायकल’ दिलेली असते. ती ६० टक्के असेल तर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. पिवळा दिवा लागून मशीन थांबले तर बटण बंद करू नये. पंखा चालू राहू द्यावा, म्हणजे ते लवकर थंड होते.

आधी वीज पाहा

‘मशीन रॉडच पेटवत नाही’ ही तक्रार घेऊन दुकानात परत जाण्यापूर्वी वायर तपासा. आमच्या मते निम्मा दोष तिथेच सापडतो.

हिशेब सोपा आहे. १२० अँपिअरवर वेल्डिंग करताना आर्कवर सुमारे २५ व्होल्ट असतात, म्हणजे ३ किलोवॅट शक्ती. मशीनमधील घट आणि पॉवर फॅक्टर धरला तर लाइनमधून २० ते २३ अँपिअर ओढले जातात. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. ८० अँपिअरवर काम केले तर ओढ १४ अँपिअरच्या आसपास राहते आणि तोच सॉकेट पुरतो. म्हणून घरच्या लाइनवर २.५ मि.मी.चा रॉड वापरावा. ३.१५ मि.मी.च्या रॉडसाठी ३२ अँपिअरचा एमसीबी आणि स्वतंत्र जाड वायर इलेक्ट्रिशियनकडून टाकून घ्यावी.

आता एक्स्टेन्शन वायर. घरापासून गोठ्यापर्यंत ३० मीटर वायर टाकली तर वीज जाऊन-येऊन ६० मीटर फिरते. १ चौरस मि.मी.च्या तांब्याच्या वायरीत २० अँपिअरला २० व्होल्टपेक्षा जास्त दाब वायरीतच मरतो आणि वायर तापते ती वेगळीच. ४ चौरस मि.मी.च्या वायरीत हीच घट ५ ते ६ व्होल्टवर येते. संध्याकाळी गावात आधीच दाब कमी असतो. त्यात वायर बारीक असेल तर मशीन चालणारच नाही. वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून वेल्डिंग करू नये, पूर्ण उलगडावी. जनरेटरवर काम करायचे असेल तर २.५ मि.मी. रॉडला किमान ५ केव्हीएचा जनरेटर धरावा.

शेतात पंपाच्या स्टार्टरमधून एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत गज ठोकायचा, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो कदापि करू नये. गजाभोवतीची ओली जमीन आणि शेजारची लोखंडी वस्तू यांत वीज उतरते. माणूस किंवा जनावर दगावू शकते. शिवाय शेतीपंपाच्या जोडणीची वीज इतर कामाला वापरणे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकते.

कोणता रॉड घ्यावा?

दुकानात ‘१२ नंबर’ मागितला की २.५ मि.मी.चा आणि ‘१० नंबर’ मागितला की ३.१५ मि.मी.चा रॉड मिळतो. पण जाडीइतकाच पाकिटावरचा क्रमांक महत्त्वाचा आहे.

६०१३ हा रोजच्या कामाचा रॉड. अँगल, पट्टी, गेट, शेडचे सांगाडे, ट्रॉलीचा पत्रा यांना तो पुरतो. २.५ मि.मी.ला साधारण ६० ते ९० आणि ३.१५ मि.मी.ला ९० ते १३० अँपिअर लागतात. ७०१८ हा जास्त ताकदीचा, कमी हायड्रोजनचा रॉड. मार खाणारे जाड भाग आणि कठीण पोलाद यांना तो घ्यावा. त्यासाठी होल्डर मशीनच्या प्लस टोकाला आणि अर्थिंगचा क्लॅम्प मायनसला जोडतात. ६०१३ दोन्हीकडे चालतो.

पावसाळ्यात रॉड दमट होतात. ओल्या रॉडच्या जोडात बारीक छिद्रे पडतात आणि ७०१८ दमट असेल तर कठीण पोलादाचा जोड काही तासांनी आपोआप तडकतो. ६०१३ सुमारे १०० अंश सेल्सिअसवर तासभर वाळवला तरी चालतो. ७०१८ ला ३०० अंशांच्या वर भाजावे लागते आणि ते घरी जमत नाही. त्यामुळे छोटे पाकीट घ्यावे, उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवावे आणि गरजेपुरतेच रॉड बाहेर काढावेत.

तडकलेला फण जोडताना

पहिले काम पोलाद ओळखण्याचे. ग्राइंडर हलका टेकवून ठिणग्या पाहा. लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे साधे मऊ पोलाद. आखूड आणि फुलबाजीसारख्या पुष्कळ फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे जास्त कार्बनचे कठीण पोलाद. त्याला थंडपणी वेल्डिंग केले तर जोडाशेजारीच नवी भेग पडते.

भेगेच्या टोकाला ३ मि.मी.चे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. नंतर गंज, रंग, ग्रीस आणि माती साफ करून भेगेवर ग्राइंडरने ‘व्ही’ आकाराची खाच करावी. वरून नुसता थर चढवलेला जोड दिसायला झकास असतो, पण पहिल्याच दगडाला निघून येतो, कारण आत भेग तशीच असते. कठीण पोलाद असेल तर गॅस बर्नरने भाग १५० ते २५० अंशांपर्यंत तापवावा.

अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या धातूवर लावावा. तो दूर लावला तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होते. अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असेल तर सोडून घ्यावे. ट्रॅक्टरच्याच भागावर काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात.

आधी दोन-तीन ठिकाणी टाके मारून भाग सरळ आहे का ते पाहावे. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी ठेवावी आणि रॉड थोडा कलता धरून आपल्याकडे ओढत न्यावा. प्रत्येक थरानंतर स्लॅगची खपली हातोडीने काढून तारेच्या ब्रशने घासावे. खपली आत राहिली तर पुढचा थर धरत नाही. कठीण पोलादाचा जोड झाल्यावर पाणी अजिबात ओतू नये. भाग कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावा. घाई असते हे मान्य, पण पाण्यात बुडवलेला फण संध्याकाळपर्यंत परत येतो.

टिग वेल्डिंग कधी करावे?

काही इन्व्हर्टर मशीनवर टिगची सोय असते. त्यात टंगस्टनची अणकुचीदार सुई आर्क देते, आर्गॉन वायू वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो आणि भर घालायची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते. स्टेनलेस स्टील, पातळ पत्रा आणि बारीक नळी यांचा जोड स्वच्छ येतो. काम मात्र सावकाश होते आणि गंज किंवा रंग चालत नाही.

टिगमध्ये टॉर्च मायनसला जोडतात. चुकून प्लसला जोडला तर सुईचे टोक वितळून गोळा होतो. वायू शुद्ध आर्गॉनच हवा, कार्बन डायऑक्साइड किंवा मिश्रण चालत नाही. प्रवाह मिनिटाला ६ ते १० लिटर ठेवावा. ७ घनमीटरचा भरलेला सिलिंडर १० लिटरच्या दराने सुमारे साडेअकरा तास पुरतो. उघड्या रानात वाऱ्याने आर्गॉन उडून जातो, म्हणून हे काम आडोशालाच करावे. ३०४ प्रतीच्या स्टीलला ३०८एल तार वापरतात.

डीसी टिगवर ॲल्युमिनियम होत नाही, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू ६६० अंशांनाच. त्यासाठी एसी टिग मशीन लागते आणि ते बरेच महाग असते. दुधाचा कॅन ॲल्युमिनियमचा असेल तर घरचे मशीन उपयोगी नाही. स्टीलचा असेल तर आतल्या बाजूलाही आर्गॉन सोडावा लागतो. नाहीतर आत काळपट खडबडीत थर येतो, त्यात दूध अडकते आणि जिवाणू वाढतात.

हे जोड घरी करू नयेत

ट्रॉलीचा हूक, ड्रॉबार, एक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेकचे भाग यांना हात लावू नये. उसाने भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागच्या माणसाला वेळ मिळत नाही. रोटाव्हेटरचे तुटलेले पाते जोडू नये, बदलावे. फिरताना सुटलेला तुकडा गोळीसारखा जातो. टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग केल्यास टायर फुटतो, हवा कमी केली तरी धोका राहतो. डिझेलचे किंवा कीटकनाशकाचे ड्रम ‘धुतले आहे’ म्हणून वेल्डिंगला घेऊ नयेत. एकात स्फोट होतो, दुसऱ्यातून विषारी धूर निघतो.

डोळे, धूर आणि कडबा

१०० अँपिअरच्या आसपास १० किंवा ११ नंबरची काच वापरावी. काचेशिवाय पाहिले तर त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. बटाट्याचे काप ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. कडेला उभी राहून पाहणारी मुले आधी घरात पाठवावीत.

शेडनेट किंवा गोठ्याच्या जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगमध्ये त्याचा पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंचा २ ते ३ सें.मी. थर घासून काढावा आणि वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे. ओल्या कपड्यांनी किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. रॉड न पेटवताही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात.

कडब्याची गंजी, पाचट आणि कापूस किमान १० मीटर दूर असावा. पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे, कारण ठिणगी आत धुमसत राहते.

नवे मशीन आणले असेल तर पेरणीची वाट पाहू नये. मे महिन्यातच भंगारातल्या पट्ट्यांवर दहा-पंधरा रॉड जाळावेत. एक जोड शिकंज्यात धरून हातोडीने मोडून पाहावा. आत छिद्रे दिसली तर रॉड दमट आहे किंवा आर्क लांब राहतो. काळी खपली दिसली तर साफसफाई कमी पडली. पट्टीची मूळ कड न वितळता तशीच दिसली तर अँपिअर ५-१० ने वाढवून पुन्हा जोडावे.