गढूळ पाण्यात मासा गुदमरतो

जयपूरहून आमेरला निघाले की उजव्या हाताला मानसागर तलाव लागतो. मधोमध जलमहाल, भोवती अरवलीचे डोंगर. काठावर हौशी पर्यटक पिठाच्या गोळ्या टाकतात आणि मासे झुंडीने वर येतात. मात्र याच तलावात अधूनमधून मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. भरल्या पाण्यात मासे मरतात कसे?

राजा मानसिंगांच्या काळात, १६१०च्या सुमारास, दर्भावती नदीवर बांध घालून हा तलाव तयार झाला. पुढे डोंगरांवरची झाडी विरळ झाली आणि दर पावसाळ्यात माती वाहून येऊ लागली. ब्रह्मपुरी आणि नागतलाई नाल्यांनी शहराचे सांडपाणी आणले. तलाव उथळ होत गेला. २००१ नंतर सुधारणेचे काम सुरू झाले. गाळ उपसला गेला, पक्ष्यांसाठी बेटे उभारली गेली.

गाळ तळाशी बसला की तलाव उथळ होतो. तोच पाण्यात तरंगत राहिला की माशाच्या जिवावर बेततो. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. कल्ल्यांच्या नाजूक पापुद्र्यांतून प्राणवायू रक्तात जातो. तेथे मातीचे कण अडकले की मासा पाण्याला उलटा झटका देऊन ते झाडतो. हा माशाचा खोकलाच! पाणी सतत गढूळ राहिले तर हा उपाय पुरत नाही. कल्ल्यांना इजा होते, वर चिकट स्राव साचतो. त्यातच सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू ओढून घेतलेला असला की मासा गुदमरतो.

समुद्रातही हेच घडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रवाळांत राहणाऱ्या क्लाऊनफिशची पिल्ले सात दिवस गढूळ पाण्यात ठेवली होती. गाळ लिटरमागे जास्तीत जास्त ४५ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. तरी कल्ल्यांवर स्राव वाढला आणि निरुपद्रवी जंतूंची जागा रोगजंतूंनी घेतली.

सर्वांत मोठा धोका अंड्यांना आणि पिल्लांना असतो. तळाला चिकटलेली अंडी गाळाखाली दबतात. डोळ्यांनी भक्ष्य टिपणाऱ्या पिल्लांना समोरचे दिसत नाही. मोठा मासा निदान दूर पळू शकतो, अंडे कुठे जाणार?

अर्थात सगळेच मासे सारखे नाजूक नसतात. कोकणच्या खाड्यांतील बोय आणि निवटी चिखलात सुखाने नांदतात. स्वच्छ पाण्याला सरावलेल्या प्रवाळातील माशांना मात्र थोडा गाळही जड जातो. शिवाय गाळ किती, याइतकेच तो किती दिवस राहिला हेही महत्त्वाचे. पावसाळ्यातला चार दिवसांचा गढूळपणा मासे सोसतात. महिनोन् महिने चालणारा उपसा आणि भराव त्यांना सोसवत नाही.

म्हणूनच बंदरांच्या कामांत गाळ पसरू नये यासाठी पाण्यात कापडी पडदे सोडतात, माशांच्या विणीचा हंगाम टाळतात. तलावासाठी उपाय त्याहून साधा आहे. डोंगरावर झाड उभे राहिले की माती डोंगरावरच राहते आणि जलमहालाच्या पाण्यात मासा मोकळा श्वास घेतो.