प्रादेशिक पुरातत्त्व-परिषदेचे नेतृत्व आणि उमेदवारीचे निकष

विद्वत्संस्थांच्या निवडणुकांकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. मतपत्रिका येते, परिचयाचे एखादे नाव दिसते, त्यापुढे खूण केली जाते आणि विषय तेथेच संपतो. परंतु एखाद्या प्रदेशाचा प्राचीन इतिहास कोणत्या परिभाषेत मांडला जावा, उत्खननात सापडलेल्या अवशेषांवर कोणाचा अधिकार मानावा, आणि क्षेत्रकार्यासाठी घराबाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने कोणाच्या भरवशावर जावे, हे प्रश्न अखेर या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांपुढेच येऊन उभे राहतात. म्हणून नेतृत्वपदासाठी उमेदवार कसा पारखावा, हा प्रश्न कार्यपद्धतीइतकाच शास्त्राच्या शीलाचाही ठरतो. या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘साउथईस्टर्न आर्किऑलॉजिकल कॉन्फरन्स’ या संस्थेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. विवेचनाच्या सोयीसाठी पुढे तिचा उल्लेख ‘आग्नेय परिषद’ असा केला आहे.

स्थापनेमागील गरज

१९२९ नंतरच्या आर्थिक मंदीत अमेरिकेत बेकारी बेसुमार वाढली. बेकारांना काम पुरविण्यासाठी मध्यवर्ती सरकारने ज्या योजना हाती घेतल्या, त्यांत पुरातत्त्वीय उत्खननाचाही समावेश होता. आपल्याकडे दुष्काळी कामांवर रस्ते आणि तलाव बांधले जात. तेथे रस्त्यांच्या जोडीने प्राचीन टेकाडेही खणली गेली. १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या धरणांखाली जाणाऱ्या वसाहतस्थळांचे उत्खनन पाणी चढण्यापूर्वी उरकणे भाग पडले. केंटकी, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना या राज्यांत मजुरांच्या मोठ्या तुकड्या कामाला लागल्या आणि अल्पावधीत खापरांच्या राशी जमा झाल्या.

सामग्री अशी विपुल झाली, परंतु परिभाषा एक नव्हती. एकाच घडणीच्या आणि एकाच नक्षीच्या खापराला एका राज्यातील संशोधक एक नाव देई, तर शेजारच्या राज्यातील दुसरे. अशा स्थितीत दोन स्थळांची तुलना करणे कठीण आणि कालक्रम ठरविणे त्याहून कठीण. ही अडचण दूर करण्यासाठी जेम्स ग्रिफिन आणि जेम्स फोर्ड या तरुण संशोधकांच्या पुढाकाराने मे १९३८ मध्ये एक बैठक भरली. ती भरली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे, म्हणजे आग्नेय प्रदेशाच्या सीमेबाहेर. कारण पूर्व अमेरिकेतील खापरांचा तुलनात्मक संग्रह तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात होता. आग्नेय परिषदेचा प्रारंभ या बैठकीपासून मानला जातो.

मृद्भांडाच्या प्रत्येक प्रकारास प्रथम एखाद्या स्थळाचे वा स्थानाचे नाव आणि त्यापुढे नक्षीचे वा घडणीचे वर्णन जोडावे, ही नामपद्धती परिषदेने रूढ केली. महाराष्ट्रातील अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी केलेल्या उत्खननानंतर तेथील काळ्या नक्षीची तांबडी भांडी ‘जोर्वे मृद्भांडे’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगातील एका संपूर्ण संस्कृतीला त्या लहानशा गावाचे नाव मिळाले. असे नाव टिकते ते ते देणाऱ्याच्या अधिकारामुळे नव्हे. इतर संशोधक ते मान्य करतात आणि स्वतःच्या अहवालांत वापरतात, म्हणून ते टिकते. आग्नेय परिषदेच्या नेतृत्वाचे मूळ स्वरूपही असेच होते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संशोधकांना एका मेजाभोवती बसवून समान संकेतावर आणणे, हे त्या नेतृत्वाचे पहिले काम होते.

पदांची रचना

प्रारंभी अनौपचारिक असलेली ही मंडळी कालांतराने नियमबद्ध संस्था झाली. वार्षिक अधिवेशन हा तिच्या कार्याचा कणा. १९८२ पासून ‘साउथईस्टर्न आर्किऑलॉजी’ हे तिचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष, संपादक आणि कार्यकारिणीचे सदस्य ही तिची प्रमुख पदे होत.

या रचनेतील एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. मतदार प्रत्यक्ष अध्यक्ष निवडत नाहीत; ते ‘नियोजित अध्यक्ष’ निवडतात. निवडून आलेली व्यक्ती दोन वर्षे विद्यमान अध्यक्षासमवेत काम करते आणि त्यानंतरची दोन वर्षे अध्यक्षपद सांभाळते. कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि संपादक यांच्याबाबतीतही असे नियोजित उत्तराधिकारी निवडण्याची प्रथा आहे. या व्यवस्थेचा हेतू उघड आहे. पदाधिकारी हे बहुधा अध्यापन, संग्रहालय किंवा सर्वेक्षण यांतील पूर्णवेळ जबाबदारी सांभाळून संस्थेचे काम करणारे लोक असतात. हिशेबाच्या वह्या, अधिवेशनाचे करार, परीक्षकांकडे गेलेले आणि त्यांच्याकडून परत यावयाचे लेख यांचे धागे एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तुटू नयेत, एवढ्यासाठी ही उमेदवारीची वर्षे राखून ठेवलेली असतात. ‘उमेदवारी करणे’ या मराठी प्रयोगात पदाची इच्छा धरणे आणि काम शिकत राहणे असे दोन्ही अर्थ आहेत. या रचनेत ते दोन्ही लागू पडतात.

निवडणुकीपूर्वी उमेदवारांचा परिचय आणि त्यांचे निवेदन सभासदांपुढे ठेवले जाते. अशा निवेदनात साधारणपणे तीन भाग आढळतात: स्वतःच्या संशोधनाचा आढावा, संस्थेत यापूर्वी केलेले काम आणि निवडून आल्यास करावयाचे काम. वाचकाचे लक्ष बहुधा पहिल्या भागावर खिळते, कारण तो सर्वांत भारदस्त असतो. वस्तुतः मतदाराच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी उपयोगाचा आहे. उत्तम उत्खनक हा उत्तम कोषाध्यक्ष असेलच असे नाही. आणि ज्याचे ग्रंथ सर्वमान्य आहेत त्याला इतरांचे लेख वेळेवर तपासून परत पाठविण्याची शिस्त असेलच असेही नाही. दुसऱ्या भागातून माणसाची कामाची सवय कळते. तिसऱ्या भागातून त्याला पदाची मर्यादा समजली आहे की नाही हे कळते. जो कार्यवाह होऊ इच्छितो आणि शास्त्राची दिशा बदलण्याचे आश्वासन देतो, त्याने बहुधा कार्यवाहाचे काम नीट पाहिलेले नसते.

बदललेला सभासदवर्ग

१९६६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा संरक्षणाचा कायदा झाला. मध्यवर्ती सरकारच्या पैशाने वा परवान्याने होणाऱ्या बांधकामामुळे ऐतिहासिक स्थळांवर काय परिणाम होईल, याचा आधी विचार करणे त्याने आवश्यक ठरविले. परिणामी महामार्ग, जलाशय, वायुवाहिन्या यांच्या मार्गावर सर्वेक्षण करणारा एक मोठा व्यावसायिक वर्ग उदयास आला. पुरातत्त्वज्ञ म्हणजे विद्यापीठातील प्राध्यापक हे समीकरण त्यानंतर खरे राहिले नाही. कंत्राटी संस्थांत आणि सरकारी खात्यांत काम करणाऱ्यांची संख्या विद्यापीठांतील अध्यापकांपेक्षा बरीच अधिक झाली.

या बदलामुळे प्रादेशिक परिषदेपुढे प्रतिनिधित्वाचा प्रश्न उभा राहतो. प्राध्यापकाला अधिवेशनासाठी रजा आणि प्रवासखर्च मिळण्याची शक्यता असते, संस्थेच्या कामासाठी वेळ काढता येतो, आणि प्रसिद्ध लेखांमुळे त्याचे नाव मतदारांच्या ओळखीचे असते. कंत्राटी कामावरील संशोधकाचे अहवाल बहुधा सरकारी दप्तरात पडून राहतात. या स्थितीत केवळ ओळखीच्या नावाला मत दिले, तर प्रत्यक्ष जमीन तुडविणाऱ्यांचा मोठा वर्ग निर्णयांपासून दूर राहील. उमेदवार-निवड समितीचे महत्त्व येथे कळते. मतदान खुले आणि न्याय्य असले तरी मतपत्रिकेवर कोणती नावे असावीत हे आधीच ठरलेले असते. म्हणून निवडणुकीचा अर्धा निकाल त्या समितीच्या बैठकीतच लागतो असे म्हणण्यास हरकत नाही.

मतपत्रिकेबाहेरची माणसे

परंतु खरा पेच याच्याही पलीकडचा आहे. परिषदेच्या निर्णयांचा परिणाम ज्यांच्यावर होतो ते सर्व तिचे सभासद नसतात. पूर्वी तर सभासद होण्याची संधीही त्यांतील अनेकांना नव्हती. जॉर्जिया राज्यातील सवाना शहराजवळ आयरीन नावाचे टेकाड होते. १९३७ ते १९४० या काळात त्याचे उत्खनन झाले. त्यावर खोदकाम करणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्यांच्या हातांनी उकललेले थर ग्रंथांत गेले. परंतु वर्णभेद कायद्याने मान्य असलेल्या त्या प्रदेशात त्यांच्यापैकी कोणी पुढे संशोधक व्हावे, पदासाठी उभे राहावे, ही कल्पनाच शक्य नव्हती.

दुसरा वर्ग या प्रदेशातील मूळ रहिवाशांचा. १८३० च्या कायद्यानंतर चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, मस्कोगी आणि सेमिनोल या लोकांपैकी बहुसंख्यांना आग्नेय प्रदेशातून हुसकावून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. टेकाडे मागे राहिली आणि त्यांतील पूर्वजही मागे राहिले. शंभर वर्षांनंतर संशोधकांनी तीच टेकाडे खणली तेव्हा या लोकांची संमती घेतली पाहिजे असे कोणास वाटले नाही. १९९० मध्ये मूळ अमेरिकनांच्या दफनांचे रक्षण करणारा व मानवी अवशेष परत देण्याची तरतूद करणारा कायदा झाला. अलाबामातील माउंडव्हिल येथून निघालेल्या ५,८९२ व्यक्तींच्या अवशेषांवर सात जमातींनी संयुक्त दावा सांगितला. त्या जमातींचे या स्थळाशी सांस्कृतिक नाते आहे, असा निर्णय कायद्याखालील पुनर्विलोकन समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये एकमताने दिला. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार तर अशा अवशेषांच्या प्रदर्शनापूर्वी, हाताळणीपूर्वी वा संशोधनापूर्वी संबंधित जमातींची पूर्वसंमती घेणे संस्थांवर बंधनकारक झाले.

१९३८ मध्ये परिषदेपुढे प्रश्न होता तो खापराला काय नाव द्यावे हा. आता प्रश्न येतो तो दफनातील वस्तूचे छायाचित्र छापावे की नाही, आणि ते कोणास विचारून छापावे, असा. संपादकपदाच्या उमेदवाराकडे केवळ भाषेची आणि विषयाची जाण असून भागत नाही. ‘नको’ हे उत्तर ऐकून घेण्याची तयारीही त्याच्यापाशी असावी लागते.

तिसरा वर्ग संस्थेच्या आतलाच, पण बहुधा मौन बाळगणारा. क्षेत्रकार्यातील लैंगिक छळासंबंधी परिषदेने २०१४ मध्ये आपल्या सभासदांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर देणाऱ्या ३८२ जणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश व्यक्तींनी असा छळ अनुभवल्याचे सांगितले. दूरच्या छावणीत, वरिष्ठाच्या शिफारसपत्रावर भवितव्य अवलंबून असलेली विद्यार्थिनी तक्रार कोणाकडे करणार? ज्याच्याकडे करावयाची तोच कदाचित त्या वरिष्ठाचा जुना सहकारी असतो. ही पाहणी संस्थेने स्वतः केली आणि निष्कर्ष झाकून ठेवले नाहीत, ही गोष्ट तिच्या नेतृत्वाच्या बाजूने नोंदविली पाहिजे. तथापि पाहणीनंतर नियम करणे आणि ते नामवंतांनाही लावणे हे काम प्रत्येक नव्या कार्यकारिणीला पुनःपुन्हा करावे लागते.

निकषांचा विचार

या इतिहासावरून उमेदवार पारखण्याचे काही निकष निघतात. पहिला निकष सातत्याचा: संस्थेचे जे काम कोणाच्या नजरेस येत नाही ते या व्यक्तीने पूर्वी केले आहे काय? दुसरा पदाच्या मर्यादेच्या जाणिवेचा: जे आश्वासन दिले आहे ते त्या पदाच्या अधिकारात येते काय? तिसरा संवादाचा: विद्यापीठ, सरकारी खाते आणि कंत्राटी क्षेत्र या तिन्ही ठिकाणच्या लोकांना ही व्यक्ती एकत्र बसवू शकेल काय? चौथा आणि सर्वांत कठीण निकष उत्तरदायित्वाचा: ज्यांना मत नाही, त्यांच्यासाठी ही व्यक्ती आपल्याच मित्राला आणि आपल्याच गुरूला अडवू शकेल काय?

चौथ्या निकषाचे उत्तर कोणत्याही निवेदनात लिहिलेले नसते. ते उमेदवाराच्या पूर्वीच्या वर्तनात शोधावे लागते. त्याच्या उत्खननांवर काम केलेले विद्यार्थी पुढे टिकले की पांगले, अहवालात मजुरांची आणि सहायकांची नावे आली की नाहीत, खणलेल्या सामग्रीचा अहवाल प्रसिद्ध झाला की पेट्या तशाच बंद राहिल्या, या गोष्टी त्या प्रदेशातील प्रत्येक अभ्यासकास ठाऊक असतात. प्रादेशिक संस्थेचे सामर्थ्य नेमके याच परिचयात असते. राष्ट्रीय संस्थेच्या मतदाराला उमेदवाराचे ग्रंथ तेवढे माहीत असतात. प्रादेशिक संस्थेच्या मतदाराला त्याची छावणी माहीत असते.

हाच परिचय दुधारी आहे, हेही विसरता येत नाही. जेथे सर्व एकमेकांना ओळखतात तेथे भीड पडते, आणि भिडेपोटी दिलेले मत अखेर सर्वांना महाग पडते. भारतातील इतिहास-मंडळे आणि संशोधन-संस्था यांचे वर्तुळही असेच लहान असते, त्यामुळे हा धोका येथील अभ्यासकांनाही परका नाही. उत्खननात थर चुकला तर तो पुन्हा मांडता येत नाही; निवडणुकीत केलेली चूक मात्र ठराविक मुदतीनंतर सुधारता येते. ती सुधारण्यासाठी मतदारांनी मागील मुदतीतील कामाची आठवण जागी ठेवली पाहिजे.