ससा बिळात राहत नाही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. ससा कुठं राहतो?

शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा पाचवीच्या वर्गात दरवर्षी हा प्रश्न विचारायचो. दरवर्षी एकच उत्तर यायचं, "गुरुजी, बिळात!" कसा दिसतो? "पांढरा, लाल डोळ्यांचा." काय खातो? "गाजर!" ही मुलं पारोळा, एरंडोल भागातल्या खेड्यांमधली. त्यांच्या बापाच्या शेतात ससे होते. काहींच्या घरी तर ससा शिजतही असे. पण वर्गात पाऊल टाकलं, की मातकट रंगाचा तो ससा पांढराशुभ्र होऊन बिळात जाऊन बसायचा!

मुलांची चूक नाही. पुस्तकातला, पिंजऱ्यातला तो पांढरा प्राणी मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडचा. इंग्रजीत त्याला रॅबिट म्हणतात आणि आपल्या माळावरच्या सशाला हेअर. दोन्ही वेगळे प्राणी. मराठीत दोघांनाही ससाच म्हणायचं, त्यामुळं घोटाळा होतो. रॅबिट जमिनीत बिळं खोदतो, गोतावळ्यानं राहतो. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थानं ऑस्ट्रेलियात शिकारीची हौस म्हणून असे चोवीसेक रॅबिट सोडले. त्यांची प्रजा एवढी वाढली, की तो देश आजही कपाळाला हात लावून बसला आहे. भारतात हा प्राणी रानात नाही. जो आहे तो पाळलेला.

आपला ससा वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा. दक्षिणेकडच्या सशांच्या मानेमागं काळा डाग ठळक दिसतो, उत्तरेकडच्या पोटजातीचं नाव तांबूस शेपटीवरून पडलं आहे. वजन साधारण दोन-तीन किलो. तो एकटा राहतो, संध्याकाळी चरायला निघतो आणि पहाटे परत येतो. परत कुठं? तर उघड्यावर. जिवावर बेतलं तर खोकडाच्या जुन्या बिळात घुसेलही, पण स्वतः बीळ खोदत नाही. या प्राण्याचं शरीर, त्याचा संसार, त्याची शिकार आणि आज त्याच्यावर आलेली वेळ, हे सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

आमच्या शेतावर एक सालदार होते. भिल्ल समाजाचे, वयानं माझ्या आजोबांएवढे. आम्ही पोरं त्यांना बाबा म्हणायचो. बाबा चालता चालता थांबायचे आणि हनुवटीनं तरवडाच्या झुडपाकडं खूण करायचे. आम्हाला काही दिसायचं नाही. माती, काटक्या, वाळलेलं कुसळी गवत. मग त्या मातीत एक डोळा दिसायचा. डोळा सापडला, की मागोमाग पाठीला चिकटवलेले कान आणि मग सगळा ससा. दहा हातांवर बसलेला आणि तरी हलत नसायचा.

ही त्याची बैठक. झुडपाच्या किंवा गवताच्या आडोशाला पायांनी माती उकरून केलेला, अंगाच्या मापाचा उथळ खळगा. मागची बाजू जरा खोल, म्हणजे पुठ्ठे आत बसतात आणि तोंड मोकळ्या बाजूला राहतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मान न वळवता जवळपास सगळीकडचं दिसतं. मागचे पाय लांब, म्हणून तो चढावर कुत्र्याला मागं टाकतो. कान मोठे असतात ते ऐकण्यासाठी, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही त्यांचा उपयोग होतो. पाण्याची बरीचशी गरज चाऱ्यातून आणि दवातून भागते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आपण पंख्याखाली तळमळत असतो, तेव्हा हा गडी एका हेकळीच्या सावलीवर दिवस काढतो.

बैठकीवर परतताना तो सरळ येत नाही. आपल्याच वाटेनं थोडा मागं फिरतो आणि मग एक लांब उडी बाजूला मारतो, म्हणजे वास काढत येणाऱ्याचा माग तुटतो. युरोपात बर्फावर उमटलेल्या पावलांवरून हे लोकांनी नीट पाहिलं आहे. बाबांनी मला ते बोरी नदीच्या वाळूत दाखवलं. ससा पळताना मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्याही पुढं पडतात, हेही तेव्हाच कळलं. नवखा माणूस हमखास उलट्या दिशेनं माग काढत जातो.

आता जरा विचित्र वाटेल असं सांगतो. ससा दिवसा बैठकीवर बसल्या बसल्या स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो. किळस वाटून घेऊ नका. गायीला चार कप्प्यांचं पोट आहे, ती रवंथ करते. सशाला तशी सोय नाही. कोरड्या गवतातलं सत्त्व एका फेरीत निघत नाही, म्हणून तेच अन्न तो दुसऱ्यांदा पोटातून फिरवतो. माळावर सापडतात त्या कडक, गोल, चपट्या लेंड्या दुसऱ्या फेरीनंतरच्या. आणि हो, ससा उंदराचा भाऊबंद नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागं आणखी दोन छोटे दात लपलेले असतात, उंदराला ते नसतात. १९१२ पासून शास्त्रज्ञांनी सशांचा गण उंदरांपासून वेगळा काढला आहे.

आता पिल्लांविषयी. मुख्यतः हे सांगण्यासाठीच मी आज आलो आहे.

रॅबिटची पिल्लं बिळात जन्मतात. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. सशाची पिल्लं उघड्यावर जन्मतात, म्हणून त्यांना तेवढी चैन परवडत नाही. सुमारे दीड महिना पोटात राहून ती अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊनच येतात. एका वेळी एक ते चार. पिल्लांना अंगाचा वास जवळजवळ नसतो, आईला असतो. ती जवळ बसून राहिली, तर कोल्ह्याला आयताच पत्ता मिळेल. म्हणून ती दिवसभर लांब राहते. सशांच्या माद्या दिवसातून एकदाच, बहुधा अंधार पडल्यावर येऊन काही मिनिटं पाजतात आणि निघून जातात. दूध गायीच्या दुधाहून कितीतरी दाट आणि स्निग्ध असतं, म्हणून एकदा पुरतं. बाकी तेवीस-साडेतेवीस तास पिल्लू एकटं आणि गप्प असतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाजरीची कापणी चालली होती. धसकटांमध्ये मला दोन पिल्लं दिसली, मुठीएवढी. आई कुठंच नाही. मला वाटलं, बिचारी पोरकी झाली. सदऱ्यात घालून घरी आणली. मायनं टोपलीत चिंधी अंथरली, मी कापसाच्या बोळ्यानं गायीचं दूध पाजलं. बाबांना मोठ्या कौतुकानं दाखवलं. ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्यासनी माय रातले येस, भाऊ." त्यांची आई रात्री येते! मी कंदील घेऊन परत शेतात निघालो, तर वडील म्हणाले, सकाळी बघू. सकाळी एक पिल्लू आडवं झालेलं होतं. दुसरं तिसऱ्या दिवशी गेलं. पुढं शिक्षक झालो, पुस्तकं वाचली, दुधातल्या स्निग्धांशाचं गणित कळलं. पण जे कळायला हवं होतं, ते न शिकलेल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि तेही उशिरा, कारण मी आधी विचारलंच नव्हतं.

हेच बाबा ससे मारायचेही. ते लपवायचं कारण नाही. शिमग्याच्या सुमारास गावातली माणसं कुत्री घेऊन पारधीला निघत. एका बाजूला वाघर लावायची, म्हणजे धनगर मेंढरांभोवती लावतात तसं जाळं, आणि दुसऱ्या बाजूनं आरडाओरडा करत हाका घालायचा. ससा उठला, की नागमोडी पळत सुटे. इकडून कुत्री, तिकडून माणसं, पुढं जाळं. 'ससेहोलपट' हा शब्द आपण सरकारी कचेरीत खेटे घातल्यावर वापरतो, तो मी तिथं डोळ्यांनी पाहिला. (जाता जाता, 'ससेमिऱ्या'चा मात्र सशाशी काडीचा संबंध नाही. तो संस्कृत कथेतल्या चार श्लोकांच्या आद्याक्षरांवरून आला आहे.) ससा जन्मभर मुका असतो, पण जाळ्यात सापडला की किंचाळतो. तान्ह्या बाळासारखा. तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

तरी त्या पारधीत सशाला निसटायला वाव होता. दिवसभर फिरून दोन-तीन हाती लागत, कधी एकही नाही. नंतर बॅटऱ्या आल्या आणि मोटारसायकली आल्या. रात्री माळावर गाडी घालायची आणि डोळ्यांवर झोत टाकायचा. सशाचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले. ते दिपतात आणि तो करतो काय, तर गप्प बसतो. हजारो वर्षं लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, गरुड, घुबड या सगळ्यांपुढं जी युक्ती चालली, ती झोतापुढं फसते. मग काठीचा एक तडाखा. याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. जुन्या क्लचवायरचे फासे बांधाच्या भोकात लावणं हा आणखी एक प्रकार. त्यात ससा, मुंगूस, मोर, जे सापडेल ते.

कायदा काय म्हणतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती संपली. २०२२ मध्ये अनुसूचींची नव्यानं मांडणी झाली, तेव्हा ससा दुसऱ्या अनुसूचीत आला. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायद्यानं शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फासे लावणं, हाका घालणं हेही शिकारच. म्हणजे आज जर कोणी सदऱ्यात पिल्लं घालून घरी नेली, तर तीही शिकारच ठरेल! एक खंत मात्र बोलून दाखवतो. शिकारीचा विषय निघाला, की संशयाचं बोट आधी पारध्याकडं, भिल्लाकडं वळतं. शहरातून गाडी काढून मौजेसाठी येणारा आणि ते मांस चवीनं खाणारा मागंच राहतो.

शेतकरी म्हणतील, गुरुजी, भुईमुगाचे आणि हरभऱ्याचे कोंब कोण खातं? ससाच खातो. मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे, ते नुकसान मला माहीत आहे. पण सशाला खाऊन जगणारं खोकड आणि रानमांजर हेच उंदीरही मारतात. ससे संपले, की तेही माळ सोडतात.

शिकार पूर्ण थांबली तरी एक प्रश्न उरतोच, बैठकीच्या जागेचा. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आपल्याकडं आहेत, चाळीसगावकडं गौताळ्याचं रान आहे. पण ससा मुख्यतः दाट जंगलाचा प्राणी नव्हे. त्याला हवं गायरान, बरड, लळिंगसारखं कुरण, दोन शेतांमधला रुंद बांध. सरकारी कागदावर या जागेला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं, की ती कोणाचीच नसते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला सौर प्रकल्प झाला. वीज आपल्याला हवीच आहे, तक्रार विजेची नाही. पण जागा निवडताना तिथं गवत आहे आणि गवतात कोणी बसलं आहे, हे कोणी मोजलं का? बांधांचं तर काय सांगावं! आमच्या लहानपणी बैलगाडी जाईल एवढे बांध होते, आता दोन भावांच्या वाटणीत टीचभर उरले आहेत. त्यावरचं तणही औषध मारून जाळलं जातं. शिवाय मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग चौपदरी झाले. ट्रकचा झोत पडला, की ससा तिथंही तेच करतो, बसून राहतो.

कापणी बांधाकडून आत करत गेलात, तर शेतातला जीव मधे कोंडला जातो. आतून बाहेर आलात, तर त्याला पळायला वाट राहते. मोठं यंत्र आणणार असाल, तर आधी एक माणूस काठीनं धांडे हलवत फिरवा. आणि पिल्लू दिसलंच, तर हात लावू नका. चार धांडे तसेच उभे ठेवून पुढं चला.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्याच शेतात बाजरी निघाली. नातू पळत आला, "आजोबा, सशाचं पिल्लू!" त्याचेही हात सदऱ्याकडं गेलेच होते. मी थांबवलं. आम्ही भोवतीची चार-पाच ताटं तशीच ठेवली, एक फडकं ओळखीसाठी लांब बांधावर बांधलं आणि कुत्रं घरी नेऊन बांधलं. रात्री तो तीनदा उठून विचारत होता, आली असेल का तिची माय? सकाळी उजाडताच गेलो. ताटं उभी होती. खळगा रिकामा होता. रक्त नव्हतं, केस नव्हते. आईनं हलवलं, की कोल्ह्यानं उचललं, ते जमिनीवरून मला वाचता आलं नाही. बाबा असते, तर त्यांना आलं असतं.